बाजेखालच्या चपला

पहाटेचे तीन वाजून छप्पन मिनिटं. आमच्या लातूर जिल्ह्यात ही वेळ शाळेतल्या लेकरालाही पाठ असते. त्या वेळेला भूकंप झाला. औशाच्या पलीकडं आमचं गाव. घराची भिंत पिंकीच्या पप्पांच्या पाठीवर आली आणि पिंकी, आमची लेक, तेव्हा अंगावर पिणारी, त्यांच्या छातीखाली जशीच्या तशी राहिली. रडलीसुद्धा नाही! ह्यांचा मणका मात्र गेला. कमरेखालचं काही कळेना.

तेव्हापासून आम्ही लातुरात. मी क्लासच्या पोरांची मेस चालवते आणि दर गुरुवारी ह्यांना रिक्षात घालून एका दवाखान्यामागच्या व्यायामाच्या हॉलमध्ये नेते. तिथं मणकेवाल्यांचं टोळकं जमतं. मेसमध्ये पोळ्या उरतात तसे तिथं किस्से उरतात. शिळ्या पोळीचा कुस्करा तरी करता येतो, किश्श्याचं काय करणार? सांगूनच टाकते.

टोळक्यात मुख्य माणसं तीन. हमीदभाई टेलर, लग्नाच्या मांडवाला झालर लावताना शिडीवरून पडलेले. पाय थांबले, पण तोंड कात्रीसारखं चालू. शिवलिंगअप्पा, किराणा दुकानदार, मोटरसायकलवरून पडलेले. चाकाच्या खुर्चीतही गल्ल्यावर बसल्यासारखे बसणार. आणि आमचे हे, माधवराव. व्यायाम घेणाऱ्या मॅडम नांदेडच्या.

ते दोघं खुर्चीत बसून गावभर फिरायचे. आमचे हे बसायचेच नाहीत! खुर्ची दारामागं उभी, तिच्यावर मी पोरांचे टॉवेल वाळत घालायची. हे म्हणायचे, "खुर्चीत बसलो म्हंजी हरलो. मणक्याचं औषध येणार हाय. मी चालतच बाहेर पडणार."

आणि मला एकच धास्ती: पडून पडून पाठीला जखम होईल, आणि औषध येईपर्यंत माणूसच राहायचा नाही.

* * *

एकदा पेपरात आलं की परदेशात मणका तुटलेला उंदीर औषधानं चालला.

त्या गुरुवारी अप्पांनी हॉलमध्ये पेढे वाटले! मॅडम म्हणाल्या, "कशाचे हो?"

"उंदीर चालला!"

झाडूवाल्या मावशी झाडू उगारूनच आल्या, "कुठंय? कुठं गेला?"

अप्पांनी सगळ्यांना हिशेब समजावून सांगितला, "उंदराचं झालं. आता कुत्रं, मग माकड, मग आपण. लाईन सोडू नका!"

पेपरात खाली लिहिलं होतं, माणसाला औषध मिळायला पाच वर्षं लागतील. ही पाच वर्षं दर साली येतात. हमीदभाई टेलर म्हणाले, "कैसा कपडा हाय ये पाच साल? कितना बी धोव, आटताच नै!"

सगळे हसले. हे हसले नाहीत. घरी आल्यावर दिराला निरोप धाडला आणि नव्या चपला मागवल्या. कातडी, पुढं लाल गोंडा. कागदात गुंडाळून बाजेखाली ठेवल्या, चालायच्या दिवसासाठी. मला आणि पिंकीला ताकीद, "झाडताना हात लावायचा न्हाई."

* * *

मेसची पोरं ह्यांच्या बाजेभोवती बसून घोकंपट्टी करतात. मणक्याचा धडा आला की दर बॅचचं एक तरी पोरगं ह्यांचा हात हातात घेतं. "काका, मला फक्त मेडिकलला लागू द्या. तुम्हाला मीच उभं करतो!"

हे पण मनावर घेतात. त्या पोराला भाजी जास्त वाढायला लावतात.

पुढं काय झालं? एक दातांचा डॉक्टर झाला. एक डोळ्यांचा झाला. जळकोटचा होता, त्याला तर आम्ही दोन वर्षं तुपातला शिरा घातला, तो जनावरांचा झाला! मणक्याचा एकही नाही.

मी गुरुवारी ही रडकथा सांगितली तर अप्पा म्हणाले, "जनावरांचा हाय त्याला धरून ठिवा, सूनबाई. उंदराची वळख त्याच्याकडूनच निघंल!"

* * *

एका गुरुवारी भर दुपारी हादरा बसला. बारीकच, पण आमच्याकडं बारीक हादऱ्यालाही माणूस ताट सोडून पळतं. मॅडम, मावशी, बाकीच्या पेशंटचे नातेवाईक, सगळे एका दमात मैदानात! आत राहिले चटईवर आडवे पडलेले हे तिघं, आणि ह्यांचा हात गच्च धरून मी.

हमीदभाई चटईवरूनच ओरडले, "मॅडम! दस बार करो बोलके गये, अब गिनती कौन करताय?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. भूकंपानंतर हे भांडं पडलं तरी दचकायचे. आता छताकडं बघत शांत पडलेले. म्हणाले, "मला कमरेच्या वरच कळला. आपल्याला अर्धाच भूकंप लागला, हमीदभाई!"

हमीदभाई म्हणाले, "हौ ना! आधा उनके पास गया मैदान में!"

मॅडम आत आल्या तेव्हा तिघंही पोट धरून हसत होते. मॅडम मला म्हणाल्या, "ह्यांना झटका डोक्याला बसला की काय?"

* * *

हसणं सगळं खरं, पण मधी एक वैदू आला. राज्याच्या सीमेकडून यायचा, मणक्याचं तेल विकायचा. भिंत धरत धरत, "आई गं, आई गं" करत हॉलमध्ये शिरला. त्याचे गुडघे गेलेले. म्हणाला, "बसायला काही हाय का?"

हमीदभाईंनी आपली रिकामी खुर्ची त्याच्याकडं ढकलली. "मेरी लेव. पैले तुम अच्छे होव, फिर हम देखते!"

तरी ह्यांनी तेल घेतलंच. कढत करून लावायचं होतं. मी दुपारी ते कढवून बाजेपाशी निवायला ठेवलं आणि मेसच्या पोळ्यांना लागले, हे माझी वाट न बघता स्वतःच लावून बसले. संध्याकाळी मी पाय बघितले तर पोटरीवर फोड! एवढा मोठा फोड, आणि ह्यांना पत्ता नाही. माझ्या डोळ्याला पाणी आलं. मला वाटलं, आता हे त्या वैदूला शिव्या देतील.

हे नुसतं म्हणाले, "तेल खरं असतं तर भाजलेलं कळलं असतं की."

मग भिंतीकडं तोंड केलं. व्यायाम बंद, हॉल बंद, पिंकीशी बोलणंही बंद. आठवडाभरात पाठीवर रुपयाएवढा लाल डाग उठला. ज्याची धास्ती होती तेच.

* * *

मी अप्पांच्या दुकानावर गेले आणि रडले. अप्पांनी शटर ओढलं आणि टमटममध्ये खुर्ची चढवून आमच्याकडं आले. आले ते बाजेला खुर्ची लावून बसले. औषधाचा विषयच नाही. इकडचं तिकडचं, डाळीचा भाव, गल्लीतली भांडणं. हे भिंतीकडंच तोंड करून.

मग अप्पा म्हणाले, "माधवा, मी दुकान सकाळी सातला उघडतो. गिऱ्हाईक कधी यील मला काय ठाव? कधी आठला येतं, कधी दुपार झाली तरी येत न्हाई. म्हणून मी काय गिऱ्हाईक आल्यावर दुकान उघडू?"

अप्पांनी खुर्ची आणखी जवळ सरकवली.

"औषध म्हंजी गिऱ्हाईक हाय. यीलच. पर आलं आन् तुझी पाठ सडलेली, पाय लाकडावानी, तर ते माघारी जाईल का न्हाई? शटर लावून झोपून राहिलास की तू!"

पिंकी तेव्हा दुसरीत होती. ती उठली, खुर्चीवरचे टॉवेल काढले, आणि खुर्ची ढकलत बाजेपाशी आणून लावली. "पप्पा, दुकान उघडा."

हे माझ्यावर खेकसले, "बघत काय हुबी? उचल की!"

आता डाग गेला. हे मेसचा गल्ला बघतात, पोरांच्या उधारीवर ओरडतात, गुरुवार चुकवत नाहीत. पेपरात मणक्याचं काही आलं की आजही कापून ठेवतात. मी रोज टाचा बघते, पाठ बघते.

* * *

आता शेवटचा किस्सा, महाशिवरात्रीच्या यात्रेचा.

हे पहिल्यांदाच यात्रेला निघाले. मॅडमचा नियम, पायात काही घातल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही, ठेच लागलेली कळत नाही म्हणून. जुन्या चपलेचा अंगठा तुटलेला. मी म्हटलं, "अहो, बाजेखालच्या काढू का?" हे जरा थांबले. मग म्हणाले, "काढ."

पिंकीनं घातल्या. लाल गोंडा, नव्या कोऱ्या!

देवळाच्या दारात पिंकीनं ह्यांच्या चपला काढून अप्पांच्या चपलांशेजारी ठेवल्या. हमीदभाई बाहेरच थांबले होते. त्यांना राखण बसवलं आणि आम्ही आत गेलो.

बाहेर आलो तर अप्पांच्या चपला जागेवर, ह्यांच्या गायब!

इतकी वर्षं जपलेल्या! मी म्हटलं, "हमीदभाई, तुम्ही इथं बसून काय केलं?"

"देखा ना मैने, भाबी! मेरे सामने पैना और निकल गया. मैं क्या भागके पकडूं?"

"अहो, ओरडायचं तरी!"

"मुँह में जिलेबी थी!"

मी भीत भीत ह्यांच्याकडं बघितलं. हे आपल्या उघड्या पायांकडं बघत होते. म्हणाले, "घालून गेला?"

"हौ. पैनके गया."

"चालत?"

"चालत क्या, कर्र कर्र आवाज करत!"

ह्यांनी दोन्ही हात वर केले आणि भर यात्रेत ओरडले, "माझ्या चपला चोरल्या! अहो ऐका, माझ्या चपला चोरीला गेल्या!" पेढेवाला बघायला लागला, पोलीस बघायला लागला, आणि हे टाळ्या वाजवून हसायला लागले.

अप्पांचं तोंड उतरलं. "देवळात चपला गेल्या की पीडा जाती म्हंत्यात. मी दर साली ठिवतो. माझ्या कोण नेत न्हाई!"

तर लातूर-औशाकडच्या माणसांनी एवढं करा. आठ नंबरची कातडी चप्पल, पुढं लाल गोंडा, कुणाच्या पायात दिसली तर पिंकीच्या पप्पांचा निरोप द्या. ज्यानं हे ऐकलं नसेल त्यालाही पुढं कळवा. म्हणावं, परत आणू नको. घालून भरपूर चाल. आमचं औषध आलं की आम्हीच मागायला येऊ.