जशी आहे तशी बंदूक

गल्लीत त्याला सगळे पॉलिशमामा म्हणतात. जुनं कपाट असो की टेबल, मामा ते असं लखलखीत करून देतो की मालकालाच आपली वस्तू ओळखू येऊ नये. गिऱ्हाईक तोंडाने एक सांगतं आणि त्याच्या मनात दुसरंच असतं, असं त्याचं पक्कं मत. ‘फार काही करू नका हो, आहे तसंच राहू द्या,’ म्हणणारी माणसंच काम झाल्यावर खुर्चीभोवती दोनदोनदा फिरतात. हा आडाखा त्याला उभ्या आयुष्यात कधी दगा देऊन गेला नव्हता. दगा दिला तो सासऱ्यांच्या बंदुकीने.

सासरे गोदामावर पहारेकरी होते. बंदूक त्यांची स्वतःची, पंपाची. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडायचं, पुढे ढकलली की नवं आत सरकायचं. त्या ‘खटाक्‌-खटाक्‌’वरच त्यांनी सगळी नोकरी काढली. गोळी झाडायची वेळच आली नाही. अंधारात तो आवाज आला की चोरांची पाचावर धारण बसायची, असं ते जेवताना रंगवून सांगत. ते गेल्यावर बंदूक आणि परवाना दोन्ही एकुलत्या लेकीच्या, म्हणजे मामाच्या बायकोच्या नावावर झाली. बंदूक कपाटात कुलपात गेली.

ती बाहेर निघाली शेडपायी. मामा ज्या भाड्याच्या शेडमध्ये काम करायचा, ती मालकाने विकायला काढली. ‘तू घेतोस का बोल, नाहीतर दुसरा तयार आहे,’ म्हणाला. बायकोला बंदूक आठवली. तिने बंदुकांच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवला, तर त्याचा लगोलग फोन आला. हे मॉडेल कधीच बंद झालंय, म्हणाला. याचा मधला भाग अखंड पोलादातून कोरून काढलेला. पुढे कंपनीने खर्च वाचवायला पत्रा वाकवून बनवायला सुरुवात केली. जुन्या बंदुका जमवणारे शौकीन हिच्यासाठी रांग लावतील.

“गंज असला तरी असू दे, ताई. जशी आहे तशी आणा.”

“ऐकलंत?” बायको म्हणाली. “जशी आहे तशी.”

“सगळेच तसं म्हणतात,” मामा हसला.

त्याने बंदूक खोलून सुटी केली. गंज घासला, नळीला बफ मारला, औषध लावून नवी निळसर काळी झाक चढवली. खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्यावर ओरखडे होते, मुठीवर सासऱ्यांच्या पंजाचा तेलकट काळा डाग होता. ते सगळं पॉलिशपेपरने उतरवलं आणि लाखेचे हात दिले. परवान्यात नोंदलेला, बंदुकीवर कोरलेला नंबर तेवढा त्याने जिवापाड जपला. बायकोने बघितलं आणि तीही हरखली. “अगं बाई! कालच दुकानातून आणल्यासारखी!”

दुकानात व्यापाऱ्याने ती खिडकीशी नेली. मधल्या भागाच्या कडांवरून अंगठा फिरवला. कंपनीची अक्षरं उथळ झाली होती.

“कोणी केलं हे?”

“मीच!” मामाची छाती फुगली.

“काम फर्स्टक्लास आहे.”

“मग?”

“मग काही नाही, मामा. कंपनीची झाक एकदाच असते. शौकीन तिचेच पैसे देतात. ही आता पहारेकऱ्याला विकायची बंदूक झाली.” त्याने आकडा सांगितला. त्यात शेडचं दारही आलं नसतं.

मामाने रुमाल काढला आणि सवयीने दस्त्यावरचे बोटांचे ठसे पुसले.

“आता पुसून काय होणार आहे?” बायको म्हणाली. मग व्यापाऱ्याकडे वळून, “रिकामीच आहे ना? द्या इकडे.” तिने मूठ मागे ओढली, पुढे ढकलली. खटाक्‌-खटाक्‌. बाहेरच्या बाकावरचा माणूस दचकून उभा राहिला.

“आवाज तोच आहे,” ती म्हणाली. “नाही विकायची.”

शेड गेली. मामा आता घराच्या व्हरांड्यात काम करतो. मोठं कपाट तिथे मावत नाही, म्हणून खुर्च्या आणि छोटी टेबलं तेवढी घेतो. लाखेचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि बायको त्यावरून रोज बोलते. परवा एक बाई आरामखुर्ची घेऊन आल्या. जुनी आहे, आहे तशीच राहू द्या, म्हणाल्या.

मामाने हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला.

“म्हणजे नेमकी कशी?”

“विचारा, विचारा,” आतून आवाज आला. “नीट विचारून घ्या.”