अजान ऐकली की नीघ

समुद्रकाठच्या एसावीरात सगळे सांगतात, की लाल्ला तामूचा, म्हणजे आमच्या तामूबाईचा, पहिला नवरा समुद्रात बुडाला, म्हणून ती पाण्याला घाबरते. साफ खोटं! तिचा पहिला आणि एकुलता एक नवरा, सी बूजमा ('सी' म्हणजे श्रीयुत), घराखालच्या दुकानात लाकडी डब्या कोरत बसलेला असतो. "बुडालो असतो तर दुपारची झोप तरी मिळाली असती," म्हणतो. खरं कारण एवढंच, की तामू कोरड्या डोंगरातली. लग्नाआधी तिनं पाणी पाहिलं ते विहिरीत, जागच्या जागी बसलेलं.

घरातल्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. खोलीच्या किल्लीआधी सल्ला. कमरेवर हात, मान तिरकी: "खांदे झाक. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नकोस. आपणहून वाट दाखवायला येईल त्याला 'शुक्रान' म्हण आणि चालू लाग. आज ओहोटीला पडक्या बुरुजाकडे गेलीस, तर दुपार कलताना अजान होते, ती ऐकली की नीघ. पाणी मागून येतं, चोरासारखं!"

पोर्तुगालची इनेश मान डोलावून बुरुजाकडे गेली.

अजान झाली तेव्हा तामू गच्चीवर कपडे काढत होती. वाळलेली चादर फाडकन तिच्या तोंडावर आली. तामू जागीच थिजली. ही चादर रोज पलीकडे, बुरुजाच्या दिशेनं फडफडते. म्हणजे वारा फिरला. म्हणजे अजान तिकडे पोचलीच नाही!

धावत जिना उतरून ती गल्लीच्या तोंडाशी उभ्या टॅक्सीत कोसळली. "उडव!"

"लाल्ला, टॅक्सी आहे, विमान नाही."

किनाऱ्यावर पोचेपर्यंत वाळू आणि बुरुजामध्ये पाण्याचा पट्टा भरला होता. इनेश बुरुजावर पाठमोरी चित्र काढत बसलेली. तामूच्या हाका वारा तिच्याच घशात कोंबत होता. टॅक्सीवाला कोळ्यांना आणायला परत सुटला. पण पाणी काय त्यांची वाट बघणार होतं?

घोटे. गुडघे. पायाखालची वाळू सरकली, तशी तिच्या तोंडून किंकाळी निघाली आणि पाठोपाठ स्वतःलाच सल्ला, "पाय उचलू नकोस, घासत चाल, तामू!" लाट कमरेला लागली. दात वाजत होते, दुआ अर्धवट तुटत होती.

इनेशनं वळून पाहिलं. "लाल्ला? अजून अजान कुठे झाली?"

"झाली, बये! तू सोडून सगळ्या गावानं ऐकली! उतर!"

परतताना पाणी छातीशी होतं. तामूनं डोळे घट्ट मिटले होते आणि इनेशचं मनगट असं आवळलं होतं, की चार बोटांचे वळ दोन दिवस राहिले.

गेल्या रमजानात शेजारी म्हणून मी तामूशी पैज लावली होती: लाल्ला, तू घोट्याच्या वर पाण्यात गेलीस, तर महिनाभर तुझ्या कच्च्या पावांचं ताट रोज भाजायला गल्लीच्या भट्टीवर मी नेईन. आज अकरावा दिवस. ताट डोक्यावर चढवलं, की दारातून आवाज येतोच, "आधी वारा बघ!"