गोजरबाईचे पदराआडचे हात

निजामाच्या राज्यात वडीगोद्रीला एक कुजबुज घरोघर फिरायची, आणि कुजबुज म्हटली की माझे कान आपोआप टवकारतात. ती अशी: भुजंगाच्या गोजरबाईला महारोग झालाय.

गोजरबाईच्या हातची शेवई सुतासारखी निघायची. गावात लग्न निघालं की शेवयांच्या पाटावर पहिला मान तिचा. पण त्या साली तिनं जायचं बंद केलं. बोटांना चिंध्या गुंडाळून फिरायची, कोणी दिसलं की हात पदराआड. शेजारच्या सोनूबाईनं ते विहिरीवर पाहिलं. सोनूबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळं दिवस मावळायच्या आत गावातल्या चुलींनाही खबर लागली.

खबर मंठ्यालाही गेली, आणि तिथंच खरी पंचाईत. कारण गोजरबाईच्या लेकीची, द्वारकेची, सुपारी मंठ्यात फुटली होती. होणारी सासू तुळजाबाई साखरपुड्याला आली ती तोंड पाडूनच. विहिणीची ओटी मुलीच्या आईनं भरायची, ही रीत. तुळजाबाई म्हणाली, "माझी ओटी ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या कुणाच्या हातानं भरा, न्हाईतर आम्ही गाडी जुपतो."

द्वारका आतल्या घरात रडायला लागली. भुजंगानं काय करावं? शहागडच्या हकीम फकरोद्दीनला तसाच बैलगाडीत घालून आणला.

हकीम ओसरीवर टेकला, चिंध्या सोडायला लावल्या. आत एरंडाची गरम केलेली पानं! बोटांचे सांधे दोन्ही हातांना सारखेच सुजलेले.

"सकाळी उठल्यावर मूठ मिटते का, बाई?"

"न्हाई हो हकीमसाब. ऊन वर येईस्तवर बोटं लाकडावानी ऱ्हातात. मंग जरा मोकळी होतात."

"वजा-उल-मफासिल," हकीम गंभीर होऊन म्हणाला.

भुजंग मटकन खाली बसला. "गेली! माझी बायको गेली!"

"अरे, कुठं गेली? इतकाच मतलब की सांधे दुखतात! तुमचे वैद्य ह्याला आमवात म्हणतात."

तुळजाबाईनं दारातूनच नाक मुरडलं. "नाव कायबी द्या. महारोग न्हाई हे कशावरून?"

हकीमानं कोंबडीचं पीस मागवलं, गोजरबाईला डोळे मिटायला लावले आणि बोटांवरून फिरवलं. ती बरोबर सांगत गेली, ही करंगळी, हे मधलं, हा अंगठा. "महारोगात चामडी बधिर होते," तो म्हणाला. "हिला तर पीसबी कळून राह्यलं. आता सांधा दाबून बघायचा. पण मी बायकांच्या हाताला हात लावत न्हाई. विहीणबाई, तुम्हीच दाबा."

सगळी ओसरी तुळजाबाईकडं बघायला लागली. मागं सरावं तर भित्री ठरणार. तिनं पदर हाताला गुंडाळला, पुढं झाली आणि तिरीमिरीत असा दाबला सांधा की गोजरबाई किंचाळली, "अगं मेले! सटवे, बोट मोडतीस का काय!"

होणाऱ्या विहिणीला भर ओसरीवर सटवी म्हटलं! भुजंगानं डोळे मिटून घेतले. हकीम मात्र दाढी धरून हसत सुटला. "इतकं दुखतं? मंग बिलकुल घाबरू नका. हा आजार शिवल्यानं लागत न्हाई. साफ बरा होईल असं खोटं सांगत न्हाई, कमी-जास्त होत ऱ्हाईल. शेक घ्या, थंड पाण्यात हात घालू नका."

तुळजाबाईनं हाताचा पदर सोडला. मग खाली बसता बसता हळूच पुसलं, "हकीमसाब, माझे गुडघे जिन्यावर कुरकुरतात, ते बी आमवातच का?"

"न्हाई, तो संधिवात. वयानं सांधा झिजतो. चाकाचा आस झिजतो ना, तसा."

"वयानं?" गोजरबाई पुटपुटली. "मला तर चाळिशीच सांगितली होती."

"गप बस, सटवे," तुळजाबाई म्हणाली आणि ओटी पुढं केली. "भर लवकर."

आखडलेल्या बोटांतून निम्मे तांदूळ खाली सांडले. द्वारका ते वेचायला बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, पण ती हसत होती.

एरंडाची पानं गोजरबाई दुखण्यावर बांधायची. हात लपवायची ते लाजेनं, कारण शेवई वळता येत नाही हे गावाला कळू द्यायचं नव्हतं. तिला महारोग कधीच नव्हता. आमवात होता.