पोळ्या मागून येतील

नातीला सांभाळायला म्हणून मी मोहालीला आले आणि सुनेच्या डब्यांच्या व्यवसायात लुडबूड करू लागले. नाशिकच्या कारखान्यात पॅकिंग खातं सांभाळलेली बाई मी! नियोजन, संघटन, नेमणूक, निर्देशन, नियंत्रण, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्षात एकच काम करायचे, लोकांच्या मानेवर बसायचे. खुर्ची बिचारी रिकामीच.

त्या दिवशी सेक्टर ६७ मधल्या एका ऑफिसात सुनेचं मराठी जेवण जायचं होतं. आवडलं तर रोजचं काम तिला, नाहीतर दुसऱ्या कुणाला, असं त्यांनी तोंडावरच सांगितलं होतं. दुपारी एकला ताटं वाढायची.

सकाळी मी पुरणात डाव उभा करून पाहिला. तो आडवा झाला.

सांगितल्याप्रमाणे मदतीला येणाऱ्या पंजाबी ताईंनी शिजलेल्या डाळीचा कट काढला होता आणि मग परत डाळीतच ओतला होता!

“इतनी अच्छी दाल का पानी कोई निकालता है, माताजी?”

कट काढा, एवढंच त्यांना सांगितलेलं. त्याची आमटी होते, हे कुणी बोललंच नव्हतं.

तरुणपणीची मी असते, तर आधी चौकशी लावली असती. कुणी ओतलं, कुणाला विचारून? तोवर माल वाया गेला असता, पण दोषी मात्र सापडला असता.

“अगं, ऑफिसवाल्यांना कळू देऊ नकोस हं,” मी सुनेच्या कानाशी लागले.

“आई, बोलू नका. ढवळा.”

तिनं पुरण आटवायला पसरट कढयांत विभागलं. एक माझ्यापुढे, एक ताईंपुढे. आमटीसाठी वेगळी डाळ लावली. आणि मग सरळ ऑफिसलाच फोन लावला, स्पीकरवर.

“जी, खाना टाइम पे आएगा. पुरणपोळी थोड़ी देर बाद, गरम. चलेगा?”

माझा डाव थांबला. पोळीवाचून ताट! आमच्याकडे पाहुणे रुसले असते. गेलं काम हातचं.

“आई, खाली लागेल!” सून कुजबुजली.

मी ढवळू लागले.

“मीठा तो खाने के बाद ही खाएँगे ना जी?” पलीकडचा माणूस म्हणाला. “आराम से भेजो.”

जेवण वेळेवर गेलं. पोळ्या मागून गेल्या. संध्याकाळपर्यंत फोन वाजला की आम्ही तिघी दचकायचो. एकदा गॅसवाला निघाला, एकदा माझा मुलगा.

शेवटी ऑफिसचा आला. सुनेनं ऐकलं, “थँक्यू जी” म्हणाली, आणि ओट्याला टेकली. “सोमवारपासून रोज.”

मग ती ताईंकडे वळली आणि कटाच्या आमटीचं सगळं समजावून सांगितलं.

ताईंनी कपाळावर हात मारला. “तो पहले बताना था ना, दीदी!”