रोशनीचं माप

उन्हाळा संपल्यावर कुलरची टाकी धुवायला काढली की तळाशी गाळ सापडतो. तो कोणी टाकलेला नसतो. ओपीडीत बसणाऱ्या बाईकडे किस्से तसेच साचतात. मी काही मुद्दाम जमवले नाहीत. लोकच एकेक नमुने, त्याला मी काय करू?

मी सिस्टर. अमरावतीत राजापेठेला एका प्लास्टिक सर्जन मॅडमकडे कामाला आहे, आणि दर गुरुवारी त्यांच्याबरोबर अकोल्याच्या ओपीडीलाही जाते. प्लास्टिक सर्जन म्हटलं की लोकांना नाक आठवतं. आमच्याकडे नाकं कमी, छाती कमी करून घ्यायला येणाऱ्या बाया जास्त. मान दुखते, पाठ धरते, पट्ट्यांनी खांद्यात खाचा पडतात, उन्हाळ्यात खाली घामोळं चिघळतं. ऑपरेशनपेक्षा अवघड असतो तो एकच प्रश्न, किती कमी करायचं? आणि त्याचं उत्तर, जिची छाती आहे तिला सोडून, घरातल्या सगळ्यांकडे तयार असतं.

*

राजापेठेतच ट्यूशन क्लास चालवणाऱ्या एक बाई आल्या. पर्समधून लग्नातला ब्लाऊज काढला आणि टेबलावर ठेवला. टेलरकडे मापाचा ब्लाऊज देतात ना, अगदी तसा. मरून रंगाचा, जरीचा, वीस वर्षं जुना, डांबरगोळीचा वास मारत होता.

"यात बसले पाहिजे," म्हणाल्या. "बाकी तुम्ही बघा."

आमच्या मॅडम नंबरचं वचन कोणालाच देत नाहीत. सी म्हणा, डी म्हणा, कंपनी बदलली की अक्षर बदलतं. बरगड्यांचा घेर तोच राहतो, खांदे तेच राहतात. त्यांना शोभेल आणि जखम नीट भरेल एवढंच काढता येतं. मॅडमनी हे सगळं शांतपणे समजावलं. बाई गणित शिकवतात म्हणे. त्यांनी मान हलवली आणि ब्लाऊज पुन्हा पुढे सरकवला.

शेवटी मॅडमनी त्या ब्लाऊजची बाही घेतली आणि बाईंच्या हातावर चढवायला लागल्या. ती कोपराच्या वर जाईना. याचं काय करायचं, असं मॅडमनी विचारलं. बाईंनी आपल्या दंडाकडे पाहिलं.

"एकाच भुलीत दंडही होऊन जातील का?"

*

भातकुलीची रोशनी आली ती पोळ्याच्या आठवड्यात. घरचं वावर, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी आणि झेंडू पिकवतात, काका बाजारात बसून विकतात. ही पोरगी पोलीस भरतीची तयारी करून राहिलेली. दोनदा ग्राउंडलाच बाद झाली होती. आठशे मीटरच्या दुसऱ्या राउंडला श्वास कोंडायचा, कारण टी-शर्टाच्या आत दोन ब्रा आणि त्यावर गच्च बांधलेली ओढणी. वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष. ग्राउंड संक्रांतीनंतर लागणार असं सगळे सांगत होते. ऑपरेशननंतर जोरात धावायला मॅडम तीन महिने परवानगी देत नाहीत. म्हणजे दसऱ्याच्या आत ऑपरेशन झालं तरच काही अर्थ होता, नाहीतर तिने घरी बसून झेंडूचे हार करायचे.

तिला मी विचारलं, किती कमी करायचं मनात आहे? तर म्हणे, "माया भावासारखं करून टाका."

भावाचा फोटोही आणला होता. बनियनवर, ट्रॅक्टरवर बसलेला.

आता हसावं की रडावं? मॅडम हसल्या नाहीत. तेवढं काढलं तर निप्पलचा रक्तपुरवठा तुटतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पुढे दूध येईल का, याची खात्री देता येत नाही, हेही सांगितलं. मग म्हणाल्या, नंबर राहू दे, कोणती तीन कामं जमायला पाहिजेत तेवढं सांग. त्यांची ही पद्धतच आहे. केसपेपरवर माप लिहीत नाहीत, कामं लिहितात.

रोशनीने सांगितलं. एक, आठशे मीटर धावता आलं पाहिजे. दोन, एकाच ब्रामध्ये भागलं पाहिजे. तिसरं सांगताना तिने मान खाली घातली. "मी धावते तवा ग्राउंडवरचे पोट्टे मोबाईल काढतात. ते बंद झालं पायजे."

माझं डोकंच फिरलं. त्या पोट्ट्यांना रांगेत उभं करून एकेकाच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. मॅडमनी पहिली दोन कामं लिहिली आणि पेन ठेवला.

"तिसरं माझ्या हातात नाही," म्हणाल्या. "त्या बह्याडांचं ऑपरेशन मला येत नाही."

*

पुढच्या आठवड्यात रोशनीची आई आली आणि सोबत बडनेऱ्याची मावशी. मावशींचं माप घरूनच ठरून आलं होतं. पोरीचं लग्न व्हायचंय, तर दिसण्यापुरतं राहू द्यावं, उगाच सगळं काढून बसू नये. जणू आम्ही कपाट आवरायला घेतलंय. मॅडम सांगायला गेल्या की रोशनीशी बोलून झालंय, तर मावशी म्हणे, तिला काय कळते? सत्तावीस वर्षांची घोडी, पण तिला काय कळते!

मग मावशींनी खरा प्रश्न काढला. "पाहाले येणाऱ्याईले काय दाखवाचं?"

मला राहवलं नाही. म्हटलं, पोलिसाचा ड्रेस दाखवा.

मावशी माझ्याशी त्या दिवशी परत बोलल्या नाहीत. हे एक बरं झालं.

आईला कळावं म्हणून मी रोशनीचा खांदा उघडा करून दाखवला. पट्टीची खाच एवढी खोल की करंगळी मावेल. आई जवळ आली, बघितलं, आणि स्वतःच्या खांद्यावरचा पदर बाजूला केला. तिथेही तशीच खाच, अजून जुनी, काळी पडलेली.

"हे तर सगळ्याच बायाईले असते नं," ती म्हणाली.

नाही, सगळ्यांना नसते, असं मी सांगितलं. ती बराच वेळ स्वतःच्या खांद्यावरून बोट फिरवत बसली होती. मला तिची फार दया आली, आणि तिला इतकी वर्षं ज्यांनी विचारलं नाही त्यांचा संताप आला.

*

त्याच आठवड्यात गुरुवारी अकोल्याला दोन जावा आल्या, सोबत सासू. दोघींनाही पाठीचा त्रास, दोघींनाही ऑपरेशन हवं, इथवर ठीक. पण धाकटीची छाती मुळात थोरलीपेक्षा मोठी. थोरलीचं म्हणणं, मी मोठी जाऊ, ऑपरेशन झाल्यावर हिची माझ्यापेक्षा जास्त राहता कामा नये. धाकटीचं म्हणणं, मग मी ऑपरेशन कशाला करू? अर्धा तास हेच चाललं. बाहेर पेशंट ताटकळलेले.

मॅडमनी सांगून पाहिलं की दोघींची हाडं वेगळी, कातडी वेगळी, वजन वेगळं, तर तुलना करून उपयोग नाही. कोणी ऐकेना. शेवटी बाकावरून सासूबाईंनी निकाल दिला.

"डाक्टरीनबाई, दोघींचं काढसान तं वजन करून सारखंच काढजा. घरात भांडण नको."

मॅडमनी दोघींच्या फायली बंद केल्या. म्हणाल्या, आधी वावराची वाटणी करून घ्या, मग या.

*

रोशनीचे काका आले तेव्हा पितृपक्ष तोंडावर आला होता. काका म्हणजे घरातले कर्ते. रोशनीचे वडीलही सोबत होते, पण ते काकांच्या मागे उभे राहून फक्त टोपी काढायचे आणि घालायचे.

काका खुर्चीत बसले ते आमच्यावर उपकार केल्यासारखे. घराण्याच्या इज्जतीवर पाच मिनिटं बोलले. मग म्हणाले, करायचंच असेल तर थोडंसं करा. गावात कोणाला कळता कामा नये. अंगठा आणि बोट यांच्यात इंचभर जागा दाखवून म्हणाले, "एवढंच."

"काका," मॅडम म्हणाल्या, "ही सांभाराची जुडी नाही."

पण काका कसले ऐकतात! घरात आजवर काकांना विचारल्याशिवाय मेथीही उपटलेली नाही. पितृपक्षात चाकू लावायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं. मग नवरात्रात घट बसतात. मग दसरा. मग झेंडूचा सीझन, घरात माणूस लागतो. तर दिवाळी होऊ द्या, मग निवांत बघू. निवांत! ग्राउंड काय काकांच्या दिवाळीसाठी थांबणार होतं? रोशनी दाराशी उभी होती. बोटांवर महिने मोजत होती. मोजणं संपलं आणि तिने हात खाली सोडले. मी एवढी वर्षं पेशंट पाहते, पण तो चेहरा मला बघवला नाही.

काका जाताना मला म्हणाले, सिस्टर, बायकांच्या गोष्टीत घाई बरी नसते. काकांना बायकांच्या गोष्टीतलं एवढं सगळं कळतं, हे मला माहीत नव्हतं.

*

ऐन पितृपक्षात, दुपारच्या एसटीने, रोशनी आणि तिची आई दोघीच आल्या. आईच्या हातात कपड्यांची पिशवी होती. मी विचारलं, काका?

"ते श्राद्धाचं जेवून झोपले," आई म्हणाली. "पितर बी जेवून जातीन. तुमी तारीख द्या."

मॅडमनी तारीख दिली. आई दवाखान्यात तिच्यासोबत राहिली. घरून फोनवर फोन आले. आईने ते उचलले नाहीत. एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदा कोणाला न विचारता काही केलं असेल, आणि ते इतकं नीट केलं, की मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

ऑपरेशन छान झालं. पट्ट्या निघाल्यावर हळूहळू सगळं खटलं बघायला आलं, म्हणजे ओढणीवरूनच, पण बघायला आलंच. मावशी म्हणाल्या, बाई बाई, किती काढलं, आता पोरीचं कसं होणार! काका म्हणाले, एवढा तमाशा केला, फरक तं काईच दिसत नाई. दोघंही एकाच वेळी, एकाच पोरीकडे बघून.

मॅडम हात धूत होत्या. म्हणाल्या, "मग बरोबर जमलं."

*

ग्राउंड संक्रांतीनंतरच लागलं. मी सुट्टी घेऊन गेले. आत कोणाला सोडत नव्हते, सगळे नातेवाईक तारेच्या कुंपणाबाहेर उभे. थंडी मरणाची. कुंपणाला टेकून चार टवाळ पोट्टे मोबाईल घेऊन उभेच होते, त्यांच्याकडे मी असं बघितलं की दोघांनी फोन खिशात घातले. बाकी दोघांचे आईबाप काय करतात देव जाणे.

रोशनी एका ब्रावर धावली. पहिला राउंड जपून, दुसऱ्याला तिने वेग घेतला. शेवटच्या वळणावर तिच्या पुढे दोघीच होत्या. छातीला हात लावला नाही एकदाही. टायमात आली, चांगली आली. पोरगी रेषेपलीकडे गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली आणि मोठमोठे श्वास घेऊ लागली, आणि इकडे तिची आई तारेला धरून रडायला लागली. मीही रडले. लपवायचं काय त्यात?

आणि काका! काका मफलर गुंडाळून सगळ्यांत पुढे. शेजारच्या अनोळखी माणसांना सांगत होते, माई पुतणी हाये, मीच तयारी करून घेतली, घरून पूर्ण सपोट होता माया. मी ऐकत उभी होते. आजचा दिवस पोरीचा होता.

गर्दी पांगल्यावर काका माझ्याजवळ आले. इकडे तिकडे बघितलं. मफलर सैल केला, स्वेटर जरा छातीपासून ओढून धरला. आवाज एकदम मऊ.

"सिस्टर, एक विचाराचं होतं. माणसाईचं बी करतात का हो तुमच्या मॅडम? म्हंजे, बनियनवर बसाची बी सोय नाई राहिली. लोकं पाहून हासतात."

मी म्हटलं, करतात की काका, अगदी करतात. गुरुवार सोडून कधीही या. फक्त येताना काकूंना आणा, रोशनीच्या आईला आणा, बडनेऱ्याच्या मावशींनाही आणा. किती ठेवायचं, किती काढायचं, ते सगळ्या मिळून ठरवतील.

काकांना माझं बोलणं खरंच कळलं नाही. कपाळाला आठ्या घालून म्हणाले,

"त्याईले कायले विचाराचं? आंग मायं हाये नं."