बोकड त्यांचा, लायसन माझं

मंडळी, महिनाभर हेलपाटे घालून मी माझ्या बार्बेक्यू केटरिंगचं फूड लायसन काढलं. आज सकाळी पहिली मोठी ऑर्डर आली. सांगोल्याकडच्या एका डाळिंब बागायतदाराच्या फार्महाऊसवर पार्टी.

फोनवर म्हणाले, "ताई, मटण आणू नका. घरचा बोकड हाय, हितंच कापतो. तुमी फक्त भाजा."

मी म्हटलं, "दादा, मी लायसन असलेल्या दुकानातलं, बिलाचं मटणच भाजते. उद्या कुणाला बाधलं तर माझंच लायसन जाईल."

"आमच्या बोकडाचं बिल मागताय व्हय? अन् त्या लायसनच्या कागदाला हितं कोण इचारतंय?" ते खदाखदा हसले. त्यांच्या शेजारी बसलेलेही हसल्याचं फोनवर ऐकू आलं. ऑर्डर गेली.

संध्याकाळी पुन्हा फोन. आवाज एकदम गोड. "ताई, भाजायला आमचा माणूस हाय. पण पार्टीला अन्न खात्यातले एक मोठे अधिकारी येणार हायत. तुमचं लायसन तेवढं पाठवा की, शेगडीमागं लावतो."

म्हणजे बोकड त्यांचा, आचारी त्यांचा, आणि पाहुण्यांना जुलाब झाले की नाव माझं!

मी म्हटलं, "बोकडाच्याच नावानं काढा की लायसन. तुमच्यापेक्षा त्याला लाज जास्त असेल." आणि फोन ठेवला.

सकाळी ज्या कागदाला हसले, तोच संध्याकाळी मागायला आले. अशा माणसांना तुमच्याकडे काय म्हणतात? माझ्याकडचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.