मी अडवलेला सत्कार

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणारी. लग्नपत्रिकेत आमचं नाव चुकलं तर ते मुद्दामच चुकवलं असणार, असं धरून चालणारी. फुलसावंगीच्या अलीकडच्या आमच्या गावात आठ मार्चला थोर बायांच्या तसबिरींना हार घालतात आणि गावातल्या एका बाईचा सत्कार करतात. तिचं नाव ठरवायला बचत गटाची अध्यक्ष म्हणून मीही बसते.

दोन वर्षांपूर्वी सरपंचबाईंनी एका म्हातारीचं नाव काढलं. गावातली कोणतीही बाई गेली की तिला शेवटची आंघोळ ही मावशी घालते. जात बघत नाही, पैसे घेत नाही. कोरोनात घरचे लोक दाराबाहेर उभे होते, तेव्हा ही तोंडाला पदर बांधून आत गेली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली.

कारण सासूची एकदाणी. ती सोन्याच्या मण्यांची माळ सासू बटव्यात घालून कमरेला बांधून ठेवायची, झोपतानासुद्धा. ती गेली त्या दिवशी लुगडं मावशीनंच सोडलं. मी चुलीवरचं पाणी घेऊन आले, तेव्हा कमरेला बटवा नव्हता. निघताना मावशीनं उंबऱ्यावर थांबून पदर झटकला, ओचा सोडून दाखवला, दोन्ही हात पुढे केले. प्रत्येक घरी ती असंच करते म्हणे. मला नेमकं तेच खटकलं. मनात काही नसेल तर झटकून दाखवायचं कशाला? पुढे तिनं घरावर नवे टिन टाकले, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

"सत्कार करा," मी म्हणाले, "पण हात साफ आहेत का, तेवढं पाहून घ्या."

"काहून? काय झालं?" सरपंचबाई म्हणाल्या.

"आमच्या सासूचं सोनं कुठं गेलं, ते इचारा तिले."

नाव बाद झालं. त्यानंतर गावात मयत झाली की मावशीला बोलवायचे, पण तिच्यासोबत दोन बाया आत बसवायचे. पहाऱ्यालाच. ती त्यांच्यादेखत आंघोळ घालायची आणि पदर झटकून निघायची.

मागच्या हिवाळ्यात पांढरकवड्याला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. नवरीला नटवत होते त्या खोलीत मी शिरले आणि पोरीच्या गळ्यात मला तीच एकदाणी दिसली. नणंदेनं मला हाताला धरून बाजूला नेलं.

"आईनंच देल्ली, वहिनी. दवाखान्यात असताना. सुनेले सांगू नको म्हणे."

म्हणजे सासू माझ्यापासूनच ती जपत होती! इतकी वर्षं तिचं जेवणखाण, औषधपाणी मी केलं. मला रडूही येईना, इतका संताप आला. अक्षता कधी पडल्या, कळलंसुद्धा नाही.

परत आल्यावर मावशीच्या घरी गेले. सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुह्या सासूनं सांगतलं होतं."

"मग बोलली काहून नाही?"

"बोलली असती त गावानं काय म्हटलं असतं? सासूचा सुनेवर भरोसा नव्हता. मरेल बाईचं असं बाहेर काढू का मी?"

चोर म्हणवून घेतलं, पण माझ्या घरातली गोष्ट तिनं झाकून ठेवली. मला तिथं बसवेना.

यंदा नावं ठरवताना मी उभी राहिले. "एकदाणी सापडली. घरातच होती. मावशीवर खोटा आळ घेतला मी." कुठे सापडली, म्हणून सगळ्यांनी विचारलं. मी पुढे बोलले नाही. मावशीचा सत्कार झाला आणि पहारा उठला.

आता नळावर मी गेले की बायांचं बोलणं थांबतं. सोनं हिनंच दडवलं होतं, असं गाव म्हणतं. परवा नवऱ्यानंही विचारलं, "घरातच होती तर दाखव ना." मी ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं. त्याच्या आईबद्दल माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही.